काळवत्रीवर हात ठेवून

आधी एक काळा दगड शोधा. घरात पाटा असेल तर उत्तम. मिक्सर आल्यापासून तो बहुतेक घरांत गॅलरीतल्या कुंड्यांखाली गेला आहे. तिथून ओढून काढा. पाटा नसेल तर खलबत्ता, जुन्या जात्याची तळी, देवळाची पायरी, वाड्याचं जोतं, काहीही चालेल. महाराष्ट्रात बसून हे वाचत असाल तर काळा दगड लांब शोधावा लागणार नाही. परदेशात असाल तर आजीच्या पाट्याची आठवण काढा. आठवणीतला दगडही जडच असतो.

त्यावर तळवा ठेवा. डोळे मिटा असं मी म्हणणार नाही. मिटलेत तर पुढचं वाचणार कसं? घाई मात्र सोडा. दगड आधी गार लागेल, मग खडबडीत लागेल. पाट्याला टाकी लावलेली असेल तर बोटांना तिचे बारीक खळगे लागतील. ते मोजू नका. श्वास जसा चालला आहे तसा चालू द्या.

आपल्याला मॉरिशसला जायचं आहे.

सहलीच्या पत्रकातलं मॉरिशस तुम्ही पाहिलेलं असेल: निळं पाणी, पांढरी वाळू, समुद्राकडे झुकलेला माड आणि मधुचंद्राला आलेलं जोडपं. हे सगळं तिथे खरोखर आहे. बेटाभोवती प्रवाळाचं कडं आहे, त्याच्या आतलं पाणी उथळ आणि शांत, म्हणून तो निळा रंग. पण ते प्रवाळ ज्यावर वाढलं आहे तो दगड काळा आहे, आणि मला तुम्हाला तिथे न्यायचं आहे. सुपारी दाढेखाली धरून ठेवतात, लगेच फोडत नाहीत. मनन म्हणजे मला तरी तेवढंच कळलेलं आहे. आज दाढेखाली हा दगड.

तुमच्या हाताखालचा दगड कधीकाळी वाहत होता. हे वाक्य मनात एकदा म्हणा आणि त्याला थोडा वेळ द्या. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या जमिनीला भेगा पडल्या आणि लाव्हा बाहेर आला. शाळेच्या पुस्तकातला शंकूच्या टोकातून उसळणारा ज्वालामुखी इथे उपयोगाचा नाही. हा लाव्हा दूध उतू जावं तसा पसरला, थिजला, त्यावर पुन्हा पसरला. असे थर साचत साचत पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपासचा मुलूख आज त्याखाली आहे. पावसाळा सरल्यावर हरिश्चंद्रगडावरून समोरचे डोंगर पाहिलेत तर ते थर आडव्या पट्ट्यांसारखे दिसतात, एकावर एक मागे सरकलेले. भूशास्त्रात या खडकांना ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात, आणि त्यातला ट्रॅप हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. पायरी हा शब्द बाजूला काढून ठेवा. पुढे लागेल.

हा लाव्हा आला कुठून? भूशास्त्रज्ञांमध्ये रुळलेलं मत असं, की पृथ्वीच्या पोटात खोलवर एक तप्त झोत आहे आणि तो जवळपास एकाच जागी आहे. सरकतं ते वरचं कवच. चूल जागच्या जागी आणि वरचा तवा हळूहळू ओढत नेलेला, असं समजा. तव्याला एकामागून एक डाग पडत जातील. सगळ्यांत मोठा डाग दख्खनचा. भारताचा तवा उत्तरेकडे सरकत गेला, मग लक्षद्वीप-मालदीवची रांग पडली, मग चागोस, आणि ८०-९० लाख वर्षांपूर्वी, तोवर चुलीवर आलेल्या आफ्रिकेच्या तव्यावर, मॉरिशस. आज ती चूल मॉरिशसच्या नैऋत्येला दोनशेएक किलोमीटरवर, रियुनियन बेटाखाली आहे. तिथला पिताँ द ला फुर्नेझ हा जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक. मॉरिशसचे ज्वालामुखी निजले आहेत. क्युरपिप शहरात एका विवराच्या काठाने रस्ता आहे आणि लोक तिथे सकाळी पायात बूट घालून फेऱ्या मारतात.

तर तुमच्या तळव्याखालचा दगड आणि चार हजारांहून अधिक किलोमीटरवर समुद्रात उभं असलेलं ते बेट एकाच चुलीवरचे. नातं लावायचंच तर थोरला भाऊ आणि शेंडेफळ. मधे पावणेसहा कोटी वर्षांच्या आसपासचं अंतर, पण तसं ते काही घरांत असतंच.

आता हे नातं फार घट्ट धरू नका. लगेच त्याचं भाषण होतं.

त्याऐवजी वाळूकडे बघा. मॉरिशसच्या किनाऱ्यावरची वाळू बहुतांशी प्रवाळाचा चुरा, पण तिच्यात दगडाचेही कण आहेत. २०१३ मध्ये संशोधकांनी त्या वाळूतले झिरकॉन या खनिजाचे सूक्ष्म कण निवडून काढले आणि त्यांची वयं काढली. काही कण दोनशे कोटी वर्षांच्या जवळपास निघाले. बेटाचं वय ८०-९० लाख आणि बेटाच्या वाळूतला कण दोनशे कोटींचा! त्यांनी लावलेला अर्थ असा: भारत आणि मादागास्कर एकमेकांना चिकटलेले होते तेव्हा त्यांच्यामध्ये जमिनीचा एक तुकडा होता. दोघे वेगळे झाले, तो ताणला गेला, तुटला, समुद्राखाली गेला, त्यावर लाव्हा साचला, आणि वर येताना त्या लाव्ह्याने बुडालेल्या जमिनीचे चार कण सोबत आणले. त्या हरवलेल्या तुकड्याला त्यांनी मॉरिशिया असं नाव दिलं.

या कणापाशी जरा थांबा. तो कुणाचा म्हणायचा? भारताचा नाही, मादागास्करचा नाही, आणि ज्या बेटावर सापडला ते बेट तर त्याच्या पतवंडाच्या वयाचं. उत्तर काढू नका. कण बोटावर घेतला आहे असं समजा आणि बोट तसंच राहू द्या.

शामारेल. बेटाच्या नैऋत्येचं गाव, डोंगरातलं. इथे सात रंगांची माती आहे: तांबडी, तपकिरी, जांभळी, निळसर, पिवळी, आणि उरलेले रंग ज्याने त्याने ठरवायचे. आधीच सांगतो, जागा लहान आहे. लाकडी कठडा, त्याच्या आत उंचसखल उघडे टेकाड, गवताचं पातं नाही. दुकानात काचेच्या छोट्या नळ्यांत हीच माती रंगवार भरून विकतात. अनेक जण पाच मिनिटांत फोटो काढून ‘एवढंच?’ म्हणून परततात. त्यांच्यासाठी जवळच एक उंच धबधबा आहे.

तुम्ही कठड्याशी उभे राहा. ही माती म्हणजे तुमच्या हाताखालचाच काळा दगड, म्हातारा झालेला. उष्ण हवा आणि भरपूर पाऊस मिळाला की बेसाल्ट आतून विरत जातो. त्यातली सिलिका विरघळून वाहून जाते. लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहतात. लोहाने तांबडा-तपकिरी, ॲल्युमिनियमने निळसर-जांभळा. कोकणातल्या माणसाला हे नव्याने सांगायला नको. रत्नागिरी-सिंधुदुर्गात घराच्या भिंतीला, विहिरीच्या कठड्याला जो जांभा असतो तोही याच वाटेने आलेला: काळवत्री दगड, त्यावर युगानुयुगांचा पाऊस, आणि उरलं ते तांबडं.

काळवत्री आणि तांबडी माती. रत्नागिरीकडून निघालेल्या माणसाच्या डोळ्यांत हे दोन रंग आधीपासून होते. त्याच्याकडे आपण येऊच. त्याच्याआधी येऊन गेलेला एक जण वाटेत आहे.

या बेटावर मूळचं असं कुणीच नाही. माणसाची वस्ती नव्हती, चार पायांचं सस्तन जनावर नव्हतं. जे आलं ते वाऱ्यावर, पाण्यावर किंवा पंखांवर. पंखांवर आलेल्यांत कबुतराच्या जातीचा एक पक्षी होता. त्याचा आजचा सर्वांत जवळचा नातेवाईक म्हणजे निकोबारी कबुतर, आपल्याच निकोबार बेटांच्या नावाचं. तो उडत आला, त्याला इथे शत्रू भेटला नाही, खायला जमिनीवरच मिळालं, आणि पिढ्यांमागून पिढ्या जाता जाता पंख आखडत गेले, अंग वाढलं. हाच डोडो. १५९८ मध्ये डच खलाशी इथे उतरले, त्यांनी आपल्या राजपुत्राच्या, मॉरिसच्या नावावरून बेटाला नाव दिलं, आणि त्यांच्या मागोमाग डुकरं, उंदीर, माकडं यांचा सुळसुळाट झाला. डोडोचं घरटं जमिनीवर. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

कमी माहीत असलेली गोष्ट अशी, की डोडो सुरतेला आला होता. पीटर मंडी नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने १६२८ ते १६३४ या काळात तिथे दोन डोडो पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे, आणि जहांगीराच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरचं मानलं जाणारं डोडोचं एक रंगीत चित्र आज सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहालयात आहे. इतर पक्ष्यांच्या घोळक्यात मधोमध, तपकिरी, ठेंगणा, जरा गोंधळलेला. जिवंत डोडो पाहिल्याची सर्वमान्य शेवटची नोंद १६६२ ची. शिवाजी महाराजांची सुरतेवरची पहिली स्वारी १६६४ ची. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून काही निघत नाही, पण मला त्याच्या आधाराने काळ नीट धरता येतो. आपल्या मजुरांचं जहाज मॉरिशसच्या दिशेने निघालं त्याच्या दोनशे वर्षं आधी मॉरिशसचा एक रहिवासी जहाजात कोंडून आपल्याकडे आणला गेला होता. त्यालाही कुणी विचारलं नव्हतं.

हात अजून दगडावर आहे ना? आता तो तितका गार राहिलेला नाही.

ल मॉर्न हा डोंगर दक्षिण-पश्चिम टोकाला समुद्रात शिरलेल्या जमिनीवर एकटा उभा आहे. उंची ५५६ मीटर. आपल्या सह्याद्रीत असा डोंगर बिननावाचा राहिला असता, पण इथे त्याच्या तिन्ही अंगांना पाणी आहे आणि कडे सरळ तुटलेले आहेत, त्यामुळे तो फार मोठा दिसतो. अलीकडे इथे हेलिकॉप्टरमधून ‘पाण्याखालचा धबधबा’ दाखवतात. वाळू आणि गाळ समुद्राच्या उतारावरून ओघळल्यामुळे झालेला तो नजरेचा खेळ आहे, छान आहे, पण मी तुम्हाला वर नेणार नाही. खाली उभे राहून कड्याकडे बघा.

फ्रेंचांनी १७१५ मध्ये बेट घेतलं. १७३५ पासून माहे द ला बुर्दोने या गव्हर्नराने पोर्ट लुई बंदर उभारलं. बंदर गुलामांच्या कष्टांवर उभं राहिलं. मादागास्करहून, मोझांबिकहून, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून माणसं आणली गेली, काही हिंदुस्थानातूनही. त्यांतले काही पळाले आणि या डोंगराच्या कपारींत, माथ्यावर वस्ती करून राहिले. १८१० मध्ये इंग्रज आले, मालक बदलले, चाबूक तोच राहिला. १ फेब्रुवारी १८३५ रोजी बेटावर गुलामगिरी संपल्याचं जाहीर झालं. लोक सांगतात, की ही खबर द्यायला शिपायांची एक तुकडी ल मॉर्नकडे निघाली. वरच्या लोकांना शिपाई दिसले. शिपाई कशासाठी येतात हे त्यांना आयुष्यभराच्या अनुभवाने माहीत होतं. त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या.

ही दंतकथा आहे, दप्तरातली नोंद नव्हे. युनेस्कोने २००८ मध्ये या डोंगराला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. पळालेल्यांच्या वस्तीच्या खुणा डोंगरावर मिळालेल्या आहेत. पण उडी फक्त आठवणीत आहे. आपल्याला खरंखोटं करायचं नाही. एवढंच धरा: खबर चांगली होती, आणणाऱ्याचा गणवेश जुना होता.

याच डोंगराच्या कड्यांवर एक झुडूप उगवतं, रानात दुसरीकडे कुठेही नाही. त्याला लोंबत्या घंटेसारखं लाल फूल येतं आणि त्याचा मधही रंगीत असतो. क्रिओल भाषेत त्याच्या नावाचा अर्थ आहे कानातलं डूल. मॉरिशसचं ते राष्ट्रीय फूल आहे.

आता पायरी हा शब्द परत घ्या.

पोर्ट लुई बंदरात त्रू फाँफाराँ नावाच्या खाडीकाठी काळ्या दगडाची एक जुनी इमारत आहे. म्हणजे तिचं जे उरलं आहे ते. बऱ्याच भागावरून पुढे रस्ते आणि बांधकामं गेली. १८४९ मध्ये इथे मजूर उतरवून घेण्याचं ठाणं सुरू झालं. लोक त्याला कुली घाट म्हणत. आज त्याचं नाव आप्रवासी घाट, आणि २००६ पासून तोही जागतिक वारसा आहे. गुलाम गेले, ऊस राहिला. १८२५ मध्ये इंग्लंडने मॉरिशसच्या साखरेवरची जादा जकात काढली होती, उसाचं क्षेत्र वाढत होतं, आणि तोडायला माणूस हवा होता. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ जहाजातून ३६ मजूर आले. सरकारी भाषेत तो ‘महाप्रयोग’ होता. पुढच्या आठ-नऊ दशकांत साडेचार लाखांहून अधिक माणसं आली. सगळ्यांत जास्त भोजपुरी मुलखातून, कलकत्त्याहून. मद्रासहून तमिळ आणि तेलुगू. आणि मुंबई बंदरातून आपली: रत्नागिरी आणि तिच्या आसपासची.

घाटावर पायऱ्या आहेत. बंदराच्या बाजूने वर येणाऱ्या, साध्या, काळ्या दगडाच्या. पायऱ्या किती हे कुणी मोजून सांगेल. तुम्ही मोजू नका. सगळ्यांत खालच्या पायरीशी उभे राहा.

मराठीत घाट या शब्दाला दोन तोंडं आहेत. एक डोंगरातून उतरायचा, एक नदीच्या पाण्यातून वर यायचा. काहींनी दोन्ही केले असतील: आंब्याचा नाहीतर कुंभार्लीचा घाट कधी काळी उतरलेला, मग किनारा, मग मुंबई, मग शिडाचं जहाज, कित्येक आठवडे पाणी, आणि मग ही पायरी. इतके दिवस बोटीत काढल्यावर जमीन हलत असल्यासारखी वाटते. पाय बहुधा अनवाणी. पहिल्या पायरीवर तो पाय टेकला तेव्हा खालचा दगड त्याला ओळखीचा वाटला असेल का?

माझी फार इच्छा आहे, की वाटला असेल. घरचा काळवत्री, इथेही. म्हणूनच मी या विचारावर विश्वास ठेवत नाही. त्याच्या डोक्यात त्या क्षणी दगड असण्याचं कारण नाही. बरोबरचं माणूस मागे आहे ना, गाठोडं कुठे आहे, समोरचा साहेब काय विचारतो आहे, डॉक्टर परत तर पाठवणार नाही ना, हे असेल. चुलीचं आणि तव्याचं नातं तुम्हा-आम्हाला, खुर्चीत बसलेल्यांना सुचतं. त्याला ते सुचावं असा आग्रह धरला तर त्याच्या वाटची भीतीही आपण काढून घेतल्यासारखं होईल.

तेव्हा त्याचा पाय त्याच्यापाशी राहू द्या. तुमचा हात तुमच्या दगडावर.

वर गेल्यावर नाव लिहून घेतलं जाई. लिहिणारा कारकून इंग्रजी किंवा फ्रेंच वळणाने लिहिणार, सांगणारा आपल्या बोलीत सांगणार. मधे जे उतरलं ते नाव. बापाचं नाव पुढे घराण्याचं आडनाव झालं. नावाबरोबर एक क्रमांक, आणि १८६० च्या दशकापासून छायाचित्रही. ही दप्तरं आज मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवली आहेत. नातवंडं-पणतवंडं तिथे येतात, जहाजाचं नाव शोधतात, गाव शोधतात, आणि कागदावर उमटलेल्या गावाचं स्पेलिंग पाहून डोकं धरतात.

दोनेक दिवस ठाण्यात, मग मळ्यावर. करार पाच वर्षांचा, पुरुषाला महिन्याला पाच रुपये आणि शिधा. एक दिवस खाडा केला तर दोन दिवसांची मजुरी कापायची, असा नियम होता. त्याला ‘डबल कट’ म्हणत. अशा नियमाखाली महिनाअखेर हिशेब चुकता करायला बसलेल्या माणसाचा चेहरा आठवून बघा. आठवत नसेल, तर आपल्याकडच्या ऊसतोडणीच्या मुकादमाकडे उचल फेडायला बसलेला माणूस आठवा. तो चेहरा फार जुना नाही.

आपल्याकडे मॉरिशसचं नाव निघालं की लगेच ‘आपली माणसं सातासमुद्रापार’ असा एक सूर लागतो. मला तो जरा लवकर लागलेला वाटतो. आपण त्यांना पाठवलं नव्हतं, आणि ती गेली तेव्हा आपल्यापैकी कुणी धक्क्यावर उभं नव्हतं. दुसऱ्या बाजूने नुसती कीव करणंही मला पटत नाही. आणि ल मॉर्नचा कडा विसरून घाटाच्या पायरीवर माथा टेकवता येत नाही. एकाच्या पायातली बेडी निघाली, म्हणून दुसऱ्याचा अंगठा उठला. दोन्ही जागा एकाच दिवसात गाडीने पाहून होतात. मनात त्या एकाच दिवशी ठेवायला मात्र जागा पुरत नाही.

उसाच्या मळ्यांतून गाडी जाते तेव्हा खिडकीतून एक विचित्र दृश्य दिसत राहतं. हिरव्या उसाच्या मधोमध काळ्या दगडांच्या राशी. काही नुसते ढीग, काही नीट रचलेल्या बुटक्या मनोऱ्यांसारख्या, झाडंझुडपं उगवलेल्या. काही तर इतक्या पद्धतशीर, की कुणीतरी त्यांना प्राचीन पिरॅमिडही ठरवून टाकलं आहे. कल्पना म्हणून मजेदार आहे. पण हे बेट लाव्ह्याचं आहे आणि जमिनीत जिकडे तिकडे दगड आहे. ऊस लावायचा तर आधी दगड काढावा लागे. तो हातांनी काढला: आधी गुलामांनी, मग मजुरांनी. काढलेला दगड नेऊन टाकायला जागा नव्हती, म्हणून शेतातच रास. यंत्रं आल्यावर बऱ्याच राशी मोडल्या, काही अजून आहेत. पर्यटकांना दाखवायच्या ठिकाणांच्या यादीत त्या नाहीत. मला विचाराल तर बेटावरचं सगळ्यांत मोठं स्मारक तेच, आणि तिथे तिकीट लागत नाही.

मजूर भरती करणारे दलाल म्हणे गावोगाव सांगत, की मिरीच देशात, म्हणजे मॉरिशसला, दगड उलटला की खाली सोनं सापडतं. ही कथा मॉरिशसमध्ये आजही सांगतात, थोडं हसून. दलालाचं अर्धं खरं होतं. दगड उलटायचाच होता.

एक रास निवडा. गाडी थांबवली आहे, इंजिन बंद आहे. उसाच्या पानांची सळसळ ऐका, ती आपल्याकडच्यासारखीच आहे. राशीच्या सगळ्यांत वरचा दगड बघा. मग त्याच्या खालचा. असे सावकाश खाली या. सगळ्यांत खालचा दगड दिसत नाही, पण तो आहे, आणि तो पहिल्यांदा कुणीतरी उचलून इथे ठेवला. त्या वेळी इथे रास नव्हती. मोकळी जमीन होती आणि एक दगड.

इथे हवा तेवढा वेळ बसा.

परतीची वाट गंगा तलावावरून काढू. हे विवरात साठलेलं तळं, उंचावर, धुक्यातलं. आधी त्याला परी तलाव म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका पुजाऱ्याला स्वप्न पडलं, की या तळ्याचं पाणी गंगेला मिळालेलं आहे. १९७२ मध्ये खरं गंगाजल आणून यात ओतलं. महाशिवरात्रीला लाखो लोक कावडी खांद्यावर घेऊन चालत येतात. काठावर ३३ मीटर उंचीची शंकराची मूर्ती आहे, ती मला स्वतःला तळ्यापेक्षा जरा जास्तच मोठी वाटते. भूगोलाच्या शिक्षकाने या स्वप्नाला लाल शाईने चूक लिहिलं असतं. पण गोदावरीला दक्षिणगंगा म्हणणारे आपण कुणाला हसणार? तळ्याच्या पाण्यात बोट बुडवा. गार आहे.

आणि भाद्रपदात आलात तर गणपती. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सरकारी सुट्टी असते. मराठी घरांतली रोजची भाषा आता बहुतेक क्रिओल आहे. मराठी शाळेत शिकावी लागते, गाण्यात आणि आरतीत भेटते. गणपतीपुढे झाकरी होते. ती म्हणजे आपली जाखडी, कोकणातल्या अंगणात गोल धरून नाचतात ती. शब्दांचे उच्चार तिकडे झिजले आहेत, काही ओळींचा अर्थ गाणाऱ्यालाही नीट लागत नसेल. पाय मात्र बरोबर पडतो. रत्नागिरीत असताना एखाद्याचा पाय जसा पडत असेल तसाच, गोलात, पुढे एक, मागे एक, आणि मग ठेका.

आता परत या. तुमचा दगड तुमच्यापुढे आहे. तळवा उचला आणि बघा, टाकीचे खळगे कातडीवर उमटले असतील.

एक शेवटचं करा. पाटा असेल तर तो दोन्ही हातांनी उचला. कमरेतून वाकू नका, गुडघ्यात वाका. या वयात आणि अशा कारणासाठी पाठ धरली तर घरच्यांना काय सांगणार? उचललात का? छातीशी घ्या. चार पावलं चाला, दार असेल त्या दिशेने. उन्हात शेत आहे, ते पलीकडच्या बांधापर्यंत दगडांनी भरलं आहे, आणि तुम्ही हा पहिलाच उचलला आहे.

जड झाला, की खाली ठेवा. ठेवताना बोटं सांभाळा.